काल काय जेवलात, पाणी कुठलं प्यालात?

पावसाळा लागला की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात दोन गोष्टी हमखास सुरू होतात. शेतात डवरणी आणि गावात हगवण. नाल्याला गढूळ पाणी येतं, नळाच्या पाइपलाइनजवळ डबकं साचतं, आणि एके दिवशी सकाळी कळतं की खालच्या वस्तीत चार घरी उलट्या-जुलाब लागले आहेत. दुपारपर्यंत चाराची नऊ घरं होतात. मग गावात आरोग्य खात्याची गाडी येते. समाजमंदिरात नाही तर शाळेच्या खोलीत सलाइनच्या बाटल्या टांगल्या जातात. आणि आशाताई, नर्सबाई, आरोग्यसेवक रजिस्टर घेऊन दारोदार फिरू लागतात.

"घरात माणसं किती? जुलाब कोणाला लागले? किती वाजता? काल काय जेवलात? पाणी कुठलं प्यालात? कोणाच्या लग्नाला, तेरवीला गेला होतात का?"

प्रश्नांवर प्रश्न! बचत गटाच्या कामासाठी माझं गावोगाव जाणं होतं. अशाच एका गटाच्या बैठकीत एक मावशी तावातावाने म्हणाल्या, "पोरगं ओकून ओकून बेजार झालं, त्याले औषध द्या ना बाई! मी काय रांधलं ते काहून इचारता? मी का त्याले इख घातलं?" बाकीच्या बायकाही माना डोलावत होत्या. मावशींचा राग खोटा नव्हता. घरात कोणी आजारी पडलं की पहिला संशय स्वयंपाकघरावर, म्हणजे बाईवरच येतो. म्हणून आपण सावध होतो आणि पटकन सांगून टाकतो, "काही नाही बाई, रोजचंच वरण-भाकर." पण मैत्रिणींनो, ही माणसं एवढे प्रश्न का विचारतात आणि आपल्या उत्तराचं पुढे काय होतं, हे कोणी आपल्याला नीट सांगितलेलंच नसतं. आज तेच समजून घेऊ या.

दवाखाना एकाचा, तपास गावाचा

डॉक्टरांसमोर एक रोगी असतो. त्याच्या अंगातलं पाणी कमी झालं, जलसंजीवनी द्या, सलाइन लावा, हे त्यांचं काम. ते थांबत नाही. पण साथीचा तपास करणाऱ्यांसाठी अख्खं गावच रोगी असतं. आज नऊ घरांना औषध दिलं आणि विहिरीत घाण मुरतच राहिली, तर उद्या एकोणीस घरं होणार. म्हणून औषध आणि प्रश्न बरोबरच चालावे लागतात. औषध आज पडलेल्यांसाठी आणि प्रश्न उद्या पडू शकणाऱ्यांसाठी!

हे काम हवेत चालत नाही, त्याची सरकारी व्यवस्था आहे. 2004 पासून देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला. उपकेंद्राची नर्स लक्षणांवरून संशयित रोग्यांचा फॉर्म भरते, प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर तपासून आपला फॉर्म भरतात, आणि प्रयोगशाळा तिसरा. आता हे सगळं संगणकावर जातं. एखाद्या गावाचा आकडा अचानक फुगला की तालुक्याला आणि जिल्ह्याला कळतं आणि शीघ्र प्रतिसाद पथक निघतं. पण या साखळीची पहिली कडी आशाताईच. आणि आशाताईला कोण सांगतं? आपण. एखादी बाई विहिरीवर बोलते, "आमच्या गल्लीत तीन घरी जुलाब आहेत हो," तिथून तपास सुरू होतो.

यादी कशी बनते

पथक आलं की आधी ठरवतं, रोगी कोणाला म्हणायचं? कारण गावात साथ आहे म्हटलं की पोट जरा गुडगुडलं तरी माणूस घाबरतो. म्हणून व्याख्या ठरते. उदाहरणार्थ, अमुक तारखेनंतर या गावातल्या ज्याला 24 तासांत 3 किंवा जास्त वेळा पातळ जुलाब झाले, तो रोगी. मग घरोघर फिरून यादी तयार होते. नाव, वय, बाई की पुरुष, घर कोणतं, पाणी कुठलं, त्रास कधी सुरू झाला, काय खाल्लं. आपल्या किराणा दुकानदाराच्या खतावणीसारखीच ही यादी. एकेक ओळ पाहिली तर काही कळत नाही, सगळ्या ओळी जुळवल्या की हिशेब बोलायला लागतो.

तीन गोष्टी पाहायच्या असतात. वेळ, जागा आणि माणूस.

वेळ म्हणजे कोणत्या दिवशी, कोणत्या तासाला किती जण पडले. सगळे एकाच रात्री पडले तर बहुधा एका पंगतीचा दोष. रोज दोन-चार, दोन-चार असे पडत राहिले तर बहुधा पाण्यात घाण येतच आहे, किंवा एकापासून दुसऱ्याला लागत आहे. आणि प्रत्येक रोगाचा आपला एक हिशेब असतो. शिळ्या, उघड्या अन्नात तयार झालेलं विष काही तासांतच उलट्या आणतं. काविळीचं तसं नाही. दूषित पाणी पोटात गेल्यावर डोळे पिवळे व्हायला दोन आठवड्यांपासून दीड-दोन महिने जाऊ शकतात. म्हणून कावीळ झालेल्या घरी नर्सबाई विचारते, "महिना-दीड महिन्यापूर्वी कुठे गेला होता?" आपल्याला वाटतं, ही बाई मधूनच मागच्या महिन्यातलं लग्न काय काढून बसली! पण दोष त्या लग्नाच्या टाक्यातच असू शकतो.

जागा म्हणजे गावाचा साधा नकाशा काढून रोग्यांच्या घरांवर खुणा करायच्या. खुणा एका हातपंपाभोवती गोळा झाल्या, की एका नळाच्या लाइनवर ओळीने आल्या, ते डोळ्यांना दिसतं. आणि माणूस म्हणजे कोण पडलं? फक्त शाळेतली पोरं? फक्त बाया? फक्त शेतात जाणारे?

यानंतर खरा हिशेब. समजा, एका गावात महाप्रसाद झाला आणि 120 माणसं जेवली. पैकी 52 जणांना त्रास झाला. आता दोष भाताचा की मठ्ठ्याचा? भात 100 जणांनी खाल्ला, त्यातले 44 पडले. भात न खाणारे 20, त्यातले 8 पडले. म्हणजे भात खाणाऱ्यांत शंभरात 44 आणि न खाणाऱ्यांत शंभरात 40. फरक नाहीच म्हणा ना! मठ्ठा 80 जण प्यायले, त्यातले 48 पडले, शंभरात 60. आणि न पिणारे 40, त्यातले फक्त 4 पडले, शंभरात 10. आता बोट कुठे जाईल, ते सांगायला नको.

यात एक गंमत पाहा. जे आजारी पडले नाहीत, त्यांना विचारल्याशिवाय हा हिशेब जमतच नाही. म्हणून चांगल्या धडधाकट घरीही आशाताई येते आणि विचारते. "आमच्याकडे कोणी आजारी नाही," म्हणून दार लोटून घेऊ नका. तुमचं उत्तर तेवढंच मोलाचं आहे.

यादीसोबत नमुनेही जातात. जुलाबाचा नमुना शक्यतो प्रतिजैविकाच्या गोळ्या सुरू होण्याआधी घ्यावा लागतो, नाही तर जंतू सापडत नाही. विहिरीचं, टाकीचं, नळाचं आणि आपल्या माठातलंही पाणी तपासतात. पण अहवाल येईपर्यंत कोणी हात बांधून बसत नाही. विहिरीत टीसीएल पावडर पडते, घरोघर मेडिक्लोरच्या बाटल्या येतात, फुटका पाइप बदलतात.

एका आईचं उत्तर

ही पद्धत आजची नाही. 1854 साली लंडन शहरात कॉलऱ्याची मोठी साथ आली. ब्रॉड स्ट्रीट नावाच्या रस्त्याच्या आसपास सहाशेवर माणसं मेली. तेव्हा सगळ्यांची समजूत होती की कॉलरा घाणेरड्या हवेतून येतो. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने घरोघर फिरून विचारलं, पाणी कुठलं? मृत्यू त्या रस्त्यावरच्या एका पंपाभोवती दाटले होते. जवळच्या दारूच्या कारखान्यातले कामगार मात्र वाचले, कारण ते त्या पंपाचं पाणी पीतच नव्हते. आणि दूर राहणारी एक विधवा बाई कॉलऱ्याने गेली. का? तर तिला त्या पंपाच्या पाण्याची चव आवडे म्हणून ती रोज तिथून पाणी मागवून घेई! 8 सप्टेंबरला पंपाचा दांडा काढून टाकला. साथ तोपर्यंत ओसरू लागली होती, पण जग पाण्याकडे पाहायला शिकलं.

या गोष्टीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग पुढचा आहे. पंपात कॉलरा आला कुठून? तिथल्या चर्चचे धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड यांना आधी स्नोचं म्हणणं पटलेलं नव्हतं. ते ते खोडून काढायला निघाले आणि घरोघर, पुन्हा पुन्हा जाऊन विचारत राहिले. पंपाला लागून असलेल्या घरातली एक तान्ही मुलगी साथीच्या सुरुवातीलाच जुलाबाने आजारी पडून गेली होती. तिच्या आईने सांगितलं, बाळाची दुपटी धुतलेलं पाणी मी घरापुढच्या हौदात टाकत असे. तो हौद उकरून पाहिला तर त्याच्या भिंती फुटलेल्या आणि घाण थेट पंपाच्या विहिरीत झिरपत होती.

विचार करा, मैत्रिणींनो. मूल गेलेली आई. तिने "मी कुठे काय टाकलं?" म्हणून तोंड फिरवलं असतं, तर तिला कोण दोष देणार होतं? पण ती खरं बोलली. दोष तिचा नव्हताच, फुटक्या हौदाचा होता. आणि तो सापडला तो तिच्या एका साध्या, घरगुती उत्तरामुळे.

आपल्या जिल्ह्याचं 2017

लंडन दूर राहिलं. 2017 साली आपल्याच जिल्ह्यात काय झालं, ते आठवा. जुलैपासून शेतकरी, शेतमजूर चक्कर, उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी अशा तक्रारी घेऊन यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात येऊ लागले. काही बेशुद्ध, काहींना दिसेनासं झालेलं. शेकडो जण भरती झाले आणि जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली. हा जंतूंचा रोग नव्हता, ही फवारणीची विषबाधा होती. पण शोधायची रीत तीच. वेळ, जागा, माणूस.

वेळ, तर फवारणीचा हंगाम. जागा, तर कपाशीची शेतं, आणि तालुका एक नाही, अनेक. माणूस, तर पाठीवर पंप घेऊन फवारणारा पुरुष, बहुधा रोजीने जाणारा. तीन गोष्टी जुळल्या की बोट आपोआप फवारणीकडेच जातं. पण फवारणी तर दरवर्षी होते, मग याच वर्षी असं का? पुढे अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं गेलं. तेव्हाच्या तपासातून आणि चर्चेतून एक नाही, अनेक कारणं पुढे आली. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याएवढी वाढून दाट झाली होती, त्यामुळे फवारा थेट तोंडावर, छातीवर येई. बोंडअळी आणि इतर किडींमुळे फवारण्या वाढल्या. दोन-तीन औषधं एकत्र कालवून मारली गेली. बारीक तुषार उडवणारे जोरदार पंप आले होते. वर उकाडा आणि दमट हवा, अंगात सुती बनियान, तोंडाला फार तर उपरणं. विष श्वासातून जातं तसं घामेजलेल्या कातडीतूनही जातं. पुढे सरकारने काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली.

या प्रकरणात मृत्यूंची राज्यभर चर्चा झाली ती सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरमध्ये. माणसं आजारी पडायला सुरुवात मात्र त्याआधीच झाली होती. रक्तातल्या कोलिनेस्टरेजची तपासणी केली की अनेक कीटकनाशकांच्या विषबाधेचा अंदाज येतो. ती तपासणीही तेव्हा यवतमाळच्या रुग्णालयात होत नव्हती. म्हणजे सरकारी बाजू लंगडी होती, हे स्पष्टच म्हणायला हवं.

पण घरची बाजू? आपल्या भागात औषध पिऊन जीव देण्याच्या घटना इतक्या झाल्या आहेत की दवाखान्यात पहिला प्रश्न येतो, "प्यायला का?" पोलिसांचा कागद होईल या भीतीने घरचे गप्प होतात, किंवा "उन्हाची चक्कर आली" म्हणतात. डबा कोणत्या औषधाचा होता, किती दिवस फवारत होता, दोन औषधं कालवली होती का, हे डॉक्टरांना कळतच नाही. आणि इथे नाव कळणं फार गरजेचं असतं. काही कीटकनाशकांच्या विषावर उतारा देता येतो, काहींवर तसा उताराच नाही, लक्षणं पाहून सांभाळावं लागतं. म्हणून रोगी गाडीत घालताना औषधाचा डबा किंवा त्याचं लेबल सोबत घेणं, हे काम घरच्या बाईने लक्षात ठेवायचं आहे. तो धुंदीत असतो, डबा कुठे ठेवला ते तिलाच माहीत असतं. फवारणीचे ओले कपडे कोण धुतं? तीच. बादली कोणती? त्याच बादलीत पोरांची अंघोळ होते का? तपास करणाऱ्यांना पडणाऱ्या असल्या प्रश्नांची उत्तरं गावात दुसऱ्या कोणाकडेच नसतात.

लाज आणि भीती

उत्तर लपवायला लावणाऱ्या दोन गोष्टी आहेत, भीती आणि लाज. भीतीचं पाहिलं, आता लाज पाहू. 2024 च्या डिसेंबरअखेरीस आणि 2025 च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. डोकं खाजतं, आणि तीन-चार दिवसांत टक्कल! बाया, मुलंसुद्धा सुटली नाहीत. कोणी शाम्पूला दोष दिला, कोणी पाण्याला, कोणी बुरशीला. त्वचारोगतज्ज्ञ आले, पाणी तपासलं, रक्त-केसांचे नमुने गेले, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पथकं आली. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनीही स्वतः नमुने तपासले. रोग्यांच्या शरीरात सेलेनियम हे खनिज फार वाढलेलं आणि जस्त कमी झालेलं आढळलं, असं त्यांनी सांगितलं आणि रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं.

तपास चालू होता, तोवर गावात काय झालं? त्या गावांतल्या मुलामुलींच्या सोयरिकी अडल्याच्या बातम्या आल्या. लोक त्या गावाला जायला कचरू लागले. अशा वेळी एखादी आई मुलीचं डोकं पदराखाली झाकून "आमच्या घरी काही नाही" म्हणाली, तर तिला नावं ठेवायला मला तरी जीभ वळणार नाही. पण यादीतून एक नाव गळलं, तसंच दुसरं, तिसरं. मग रोग छोटा दिसतो आणि मदतही छोटीच येते.

तेव्हा जबाबदारी दोन्हीकडची आहे. विचारणाऱ्याने चारचौघांत, ओट्यावर उभं राहून, "काय हो, तुमच्याच घरून सुरुवात झाली म्हणे!" असं विचारू नये. रोग्याचं नाव गावभर करू नये. फोटो काढून मोबाइलवर फिरवू नये. आणि तपास संपल्यावर काय सापडलं, ते ग्रामसभेत येऊन सांगावं. आमची उत्तरं घेऊन गाडी गेली ती गेली, असं होऊ नये. गावाने विचारायला हवं, अहवाल काय आला? आणि ते विचारायला बायांनी ग्रामसभेत पुढे बसायला हवं.

आपण काय करायचं?

गल्लीत दोन-तीन घरी एकसारखा त्रास दिसला की त्याच दिवशी आशाताईला सांगा. "आपल्याला काय करायचं" म्हणू नका. आजारी माणसाला जलसंजीवनी लगेच सुरू करा. पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. रोगी सुस्तावला, लघवी बंद झाली, तर घरी थांबायचं नाही.

त्रास कधी सुरू झाला, ती वेळ कॅलेंडरवर लिहून ठेवा. आपण दुधाचा हिशेब लिहितोच ना? तशीच. पंगतीत जेवला असाल तर कोणता पदार्थ घेतला आणि कोणता नाही, दोन्ही सांगा. खासगी डॉक्टरकडून आणलेल्या गोळ्यांचं पाकीट फेकू नका, दाखवा. आणि आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणा. अंदाजाने सांगितलेलं उत्तर यादी बिघडवतं.

त्या बैठकीतल्या मावशींना मी एवढंच म्हटलं होतं, "मावशी, तुम्ही काय रांधलं ते विचारलं की दोष तुमच्यावर आला, असं नाही. गावात अजून कोणाचं पोरगं पडू नये, म्हणून विचारतात." मावशी थोड्या गप्प बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "मंग तसं सांगाले पाह्यजे ना माय त्यायनं आधी." अगदी खरं. विचारण्याआधी कारण सांगितलं, तर आपल्या बाया कधी मागे राहिल्या आहेत?